दोरीवरची विमानं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवरच्या (वाळूच्या किनाऱ्यावरच्या) आमच्या विमानांचे फोटो छापून आले आणि संपादकांनी पत्रांचा गठ्ठा माझ्याकडे पाठवून दिला. ‘आता तुम्हीच निस्तरा,’ म्हणाले. नोकरीभर आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला, तेव्हा उत्तरांत कानस-पकडीची भाषा डोकावली तर चालवून घ्या. सारखे प्रश्न एकात घातले आहेत.

फोटोत विमानाला दोऱ्या दिसतात, माणसाच्या हातात रिमोट मात्र नाही. हा पतंगाचाच प्रकार का? आमचा मुलगा ड्रोन मागतो आहे, त्याऐवजी हे चालेल का? (एक वाचक, चिपळूण)

पतंग नव्हे. पतंगाला वारा लागतो. ह्याला स्वतःचं इंजिन किंवा मोटर असते आणि वारा पडलेला असला तर आम्ही खूशच असतो. प्रकाराचं नाव कंट्रोल लाइन. मधे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हँडल, हँडलच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक बारीक तार. दोन्ही तारा विमानाच्या डाव्या पंखातून आत जाऊन बेलक्रँकला अडकतात. बेलक्रँक म्हणजे मधोमध खिळलेली, मोकळी फिरणारी तीन भोकांची छोटी पट्टी. हँडल मागे झुकवलं की वरची तार ओढली जाते, बेलक्रँक फिरतो, त्याला जोडलेली दांडी, म्हणजे पुशरॉड, शेपटीचा एलिव्हेटर (मागची हलती आडवी फळी) उचलते आणि विमानाचं नाक वर होतं. पुढे झुकवलं की खाली. डावं-उजवं वळवायची सोयच नाही. तार सोडत नाही म्हणून विमान गोल फिरतं, वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट. इंजिन टाकी संपेपर्यंत एका सुरात ओरडतं, मग बंद पडतं आणि विमान तरंगत खाली येतं. इलेक्ट्रिकला टायमर असतो, तो पाचेक मिनिटांनी मोटर बंद करतो.

त्या एका एलिव्हेटरवर लूप, उलटं उडणं, आडवा आठ, उभा आठ, ऐन डोक्यावरचा आठ, सगळं निघतं. आणि विमान काय करतंय हे डोळ्यांच्या आधी हाताला कळतं. वर चढताना तार जराशी सैलावते, खाली येताना पुन्हा खेचते. रिमोटच्या विमानात ही गंमत नाही.

मुलाचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. दहा-अकराच्या पुढचा असेल आणि ब्लेड-फेविकॉल घेऊन बसायची हौस असेल तर जरूर द्या. त्याला नुसते व्हिडिओ काढायचे असतील तर ड्रोनच बरा, उगीच माझी हौस त्याच्या माथी मारू नका. पुढे कॉलेजात एनसीसीची एअर विंग मिळाली तर एअरोमॉडेलिंग तिथे शिकवतातच. मीही तिथेच शिकलो.

आम्ही गुहागरहून मुद्दाम संध्याकाळी पाचला भाट्याला आलो. कोणी नव्हतं. सकाळीच का उडवता? (दोन पत्रं, एकाच मजकुराची)

ह्याचं उत्तर थोडं लांबतं, कारण ह्यातच बाकीच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

ह्या खेळाचा सगळा जीव तारेच्या ताणात आहे. तार ताठ असली तर विमान तुमचं. ती सैल पडली की हँडल कितीही हलवा, बेलक्रँकपर्यंत काही पोचत नाही. विमान गोल फिरताना बाहेर पळू बघतं, त्यामुळे तार ताणलेली राहते. पण वारा असला की हिशेब बदलतो. वर्तुळाच्या ज्या बाजूला वारा आपल्याकडून विमानाकडे वाहतो, तिथे तो विमानाला बाहेर ढकलतो आणि ताण वाढतो. समोरच्या बाजूला तोच वारा विमानाला आपल्या अंगावर ढकलतो. म्हणून लूप-आठ ह्या करामती नेहमी पाठीवर वारा घेऊन करायच्या. विमान सोडायचं तेही त्याच बाजूला, वाऱ्याच्या ऐन खालच्या जागेच्या जरा अलीकडे, म्हणजे वेग घेत असतानाच वारा त्याला बाहेर धरून ठेवतो.

आता आपला किनारा बघा. रात्रीत जमीन गार होते, समुद्र उबदार राहतो, म्हणून पहाटे मतलई वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. हलका आणि एकसारखा. भाट्याला समुद्र पश्चिमेला. पाठीवर वारा घेतला की तोंड समुद्राकडे होतं आणि उगवतं ऊनही पाठीशीच राहतं. करामती करायच्या त्या बाजूला माणूस नाही, झाड नाही, फक्त पाणी. ह्याहून चांगलं मैदान पैसे देऊन मिळणार नाही. दहा-साडेदहानंतर वारा पडतो, मग उलटतो, आणि खारा वारा सुरू होतो. दुपारपर्यंत तो असा भरतो की पाव किलोचं विमान उडवणं म्हणजे वैतागच. संध्याकाळी ऊन पाठीशी येतं हे खरं, पण वारा समुद्राकडून असल्यामुळे तोंड जमिनीकडे करावं लागतं. तिकडे भेळेच्या गाड्या, क्रिकेट, उंट, आणि सेल्फी काढत मागे मागे सरकणारी माणसं.

उरलं पाणी. ओहोटीची ओली पुळण कडक असते, पाय रुतत नाही आणि चाकावर टेक-ऑफ घेता येतो. वर कोरड्या वाळूत चाक जाग्यावर रुततं. ओहोटी केव्हा हे बघायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते, हे बंदरावर कोणीही सांगेल. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला पाणी काठोकाठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पाचच्या सुमारास, आणि सहा-सात वाजता पुळण रुंद मिळते. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी मागेही लांब गेलेलं असतं. तेव्हा आमचा रविवार कालनिर्णयावर ठरतो. पुनव-अवसेजवळचा असेल तर भाट्ये, अष्टमीजवळचा असेल तर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. पुढच्या वेळी तिथी बघून या.

बघायला येणार आहोत. तुमची सकाळ कशी असते? येताना काय आणावं? (एक कुटुंब, डोंबिवली)

खाऊ आणा, बाकी सगळं आमच्याकडे आहे.

आम्ही येतो तेव्हा धड उजाडलेलं नसतं. आधी ताडपत्री अंथरतो, कारण वाळूचा एक कण बेअरिंगमध्ये गेला की महिन्याची कटकट. आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत, एक बर्फाच्या कारखान्यातला ऑपरेटर, दोन कॉलेजची पोरं, आणि एक निवृत्त हेडमास्तर, जे स्वतः उडवत नाहीत पण सगळ्यांना मार्क देतात. तारा रिळावरून चालत चालत सोडायच्या आणि फडक्याच्या चिमटीतून एकदा ओढून घ्यायच्या. ते फडकं मी नेहमी नव्या पोरांच्या नाकासमोर धरतो. रात्रभराच्या खाऱ्या दवाने तारेवर जो चिकट थर बसतो तो त्यावर करड्या रेघेसारखा उठतो. लूप मारले की दोन तारा एकमेकींभोवती पिळतात. स्वच्छ असल्या तर पिळूनही एकीवरून दुसरी सरकते. थर आणि वाळू असली की अडकतात, आणि मग विमान खाली येताना तुमचं ऐकत नाही.

मग ओढून बघणं. एकाने विमान पोटाशी घट्ट धरायचं, दुसऱ्याने हँडल धरून विमानाच्या वजनाच्या दहापट तरी ओढायचं, ताणकाटा लावून. पाव किलोला अडीच किलो. काही तुटायचं असेल तर ते जमिनीवर तुटू दे. हँडलचा फास मनगटात अडकवल्याशिवाय हेडमास्तर कोणाला सोडू देत नाहीत. शेवटी हँडल वर-खाली करून एलिव्हेटर बरोबर दिशेला हलतो का ते मोठ्याने सांगायचं. हँडल उलटं धरलं की वरचं खाली होतं, म्हणून वरच्या टोकाला लाल पट्टी.

एकजण फक्त वर्तुळाची राखण करतो, त्याला आम्ही राखणदार म्हणतो. बायका-पोरं शहाणी असतात, लांब उभी राहतात. पुळणीवरची कुत्री तशी शहाणी नाहीत. विमान दिसलं की ती त्याच्यामागे गोल धावतात आणि तार त्यांना दिसत नाही. कुत्रं आत आलं की राखणदार ओरडतो, उडवणारा विमान उंच घेतो आणि टाकी संपेपर्यंत तिथेच ठेवतो. तुम्ही आलात तर सुरूच्या झाडांच्या बाजूला थांबा. हात दाखवल्याशिवाय पुढे येऊ नका. ज्या पुळणीवर कासवाची पिल्लं सोडायची असतील तिथे आम्ही त्या सकाळी पाय ठेवत नाही, तुम्हीही आग्रह धरू नका.

एक म्हातारे पागवाले रोज जाळं खांद्यावर टाकून आमच्या बाजूने जातात. एकदा बराच वेळ उभे राहून म्हणाले, ‘घाण्याचो बैल बरो, त्याका तेल तरी सुटता.’

काका, गोल गोल फिरून तुम्हाला चक्कर येत नाही का? (इयत्ता आठवी, देवगड)

येते की! पहिल्यांदा सगळ्यांनाच येते. युक्ती अशी, की नजर विमानावरून हलवायची नाही. मागची झाडं, होड्या, माणसं सरकताना बघितलीस की डोकं फिरलंच. पाय जागच्या जागी लहान लहान टाकायचे, एकावर एक नाही. विमान एक फेरी चार-पाच सेकंदांत मारतं, म्हणजे तू काही भोवऱ्यासारखा फिरत नसतोस.

दुसरी गोष्ट चक्करपेक्षा महत्त्वाची. मनगट आणि कोपर ताठ ठेव आणि खांद्यातून हात हलव. नव्या मुलाचं विमान जरा खाली आलं की तो घाबरून मनगट मागे मोडतो. विमान एकदम सुळकन वर जातं, डोक्यावरून पलीकडे येतं आणि वाळूत नाक खुपसतं. बोटाने विमान दाखवतोयस असा हात धर, विमान जिथे हवं तिथे बोट ने. सुरुवातीला मोठं माणूस मागे उभं राहून तुझ्या हातावर हात ठेवील, त्यात लाज नाही. चक्कर आलीच तर ‘घ्या’ म्हणून ओरड, हँडल त्याच्या हातात दे आणि मटकन खाली बस. घरी सराव करायचा तर खळ्यात कर, पण आईचं वाळवण बघून.

मी बंदरावर राहतो, तंगूस घरात ढिगाने आहे. स्टीलच्या तारेऐवजी तो चालेल? (एक वाचक, हर्णै)

तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा, नको. तो तुटेल म्हणून नव्हे, ताणतो म्हणून. तुम्ही हँडल हलवलं की आधी तंगूस लांबतो, मग उशिराने एलिव्हेटर हलतो, तोवर विमान भलतीकडे.

तुमच्याच बाजारात गरीवाल्यांसाठी ब्रेडेड दोरी मिळते, ती घ्या. ती जवळजवळ ताणत नाही आणि मिठाने गंजत नाही. आमचं शिकाऊ इलेक्ट्रिक विमान पाव किलोचं आहे. साडेदहा मीटर दोरीवर चार सेकंदांत फेरी मारतं, म्हणजे वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास. हाताला ओढ बसते पाऊण किलोच्या आतली. त्याला वीस पौंडी ब्रेडेड भरपूर झाली. गाठ तुम्हाला शिकवायला नको, फक्त ही दोरी गुळगुळीत असते, एक वेढा जास्त घ्या. दोन्ही दोऱ्या मात्र अगदी सारख्या लांबीच्या हव्यात. किलोभराच्या विमानाला वीस मीटर तारेवर, सव्वापाच सेकंदांच्या फेरीला, जवळजवळ तीन किलो ओढ बसते. तिथे पिळाची स्टेनलेस तारच वापरा.

एक तंबी. दोरी स्टीलची नाही म्हणून विजेच्या तारांजवळ उडवू नका. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या दोरीतून वीज जाते. वर्तुळाच्या कडेपासून चाळीस मीटरच्या आत विजेची तार असेल तर ती जागा आपली नाही. ढग गडगडला तरी तेच, हँडल खाली ठेवा.

आमच्या शाळेमागे मोठा कातळ सडा आहे. मुलांना तिथे शिकवता येईल का? (एक शिक्षक, राजापूर तालुका)

येईल, पण आधी सडा पायी फिरून घ्या. तुमच्या तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ अशी कातळशिल्पं आहेत, आणि कोकणातली कातळशिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. मातीखाली अर्धवट झाकलेलं चित्र पटकन ओळखू येत नाही. वर्तुळ आखायला चुन्याची फक्की टाकू नका, पहार मारू नका, चार बाजूंना चार मुलं उभी करा. पावसानंतर ऑक्टोबरपर्यंत सड्यावर फुलं असतात, तोवर तिकडे जाऊच नये असं माझं मत. फुलं सुकली की सडा तुमचा. विमानतळ जवळपास असेल तर पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

मुलांना पहिल्या दिवशी मोटर देऊ नका. सनपॅकच्या (पोकळ प्लास्टिकच्या) शीटचं किंवा थर्माकोलचं साधं ग्लायडर करा, नाकात खिळे खोचून वजन पुढे आणा, पंखाच्या टोकाजवळ एकच दोरी बांधा आणि ती लांब बांबूच्या टोकाला. बांबू गोल फिरवला की ग्लायडर उडतं. तारेचा ताण म्हणजे काय हे मुलांना हातातून कळतं, फळ्यावरून नव्हे. मोटरचं विमान आणलंत की ते हातातून सोडा. कातळाच्या खड्यांनी प्रॉपचे, म्हणजे पुढच्या पंख्याचे, तुकडे उडतात, आणि ते डोळ्यांच्या उंचीला उडतात.

माझं विमान सरळ नीट उडतं, लूपच्या माथ्यावर मात्र तार सैल पडते. दोनदा आदळलं. (एक वाचक, मालवण)

लूप वाऱ्याकडे तोंड करून मारता का, हे आधी तपासा. तसं नसेल तर उजव्या पंखाच्या टोकात वजन आहे का बघा. डाव्या पंखाला तारांचा भार असतो, तो उजवीकडे तोलायला टिप वेट लागतं. सरळ उडताना उजवा पंख वर उचललेला दिसत असेल तर वजन कमी आहे. झटक्यात वर-खाली वळताना तो खाली झोकांडत असेल तर जास्त. मग मोटर: तिचं नाक वर्तुळाच्या बाहेर किंचित वळलेलं हवं, आत चुकूनही नको. तारा पंखातून बाहेर पडतात ती जागा गुरुत्वमध्याच्या थोडी मागे हवी. एका वेळी एकच बदल करा. आणि तार सैल पडलीच तर हँडलशी झटापट न करता मागे पळा. दोन पावलांत ताण परत येतो.

हे कोणी शोधून काढलं? (एक वाचक, पनवेल)

अमेरिकेत पोर्टलंडच्या जिम वॉकरने ‘फायरबॉल’ हे विमान बाजारात आणून ‘यू-कंट्रोल’ नावाने हा प्रकार घरोघरी पोचवला आणि १९४२ साली पेटंट मिळवलं. हा गृहस्थ दोन हातांत दोन आणि डोक्यावर एक अशी तीन विमानं एकाच वेळी उडवून दाखवायचा. पुढे त्याने कॉक्स ह्या इंजिन-विमानवाल्यांवर दावा लावला. तेव्हा ओबा सेंट क्लेअर ह्याने ‘मिस शर्ली’ हे आपलं विमान त्याआधीच, १९३० च्या दशकात, दोन तारांवर उडवल्याचं कोर्टात सिद्ध झालं आणि १९५५मध्ये पेटंट गेलं.

तुम्ही गणिताचे शिक्षक असल्याचं लिहिलंय, तर एक तुमच्यासाठी. जागतिक स्पर्धांत टीम रेसच्या (एकाच वर्तुळात अनेक विमानांच्या शर्यतीच्या) तारेची लांबी १५.९२ मीटर असते. विचित्र वाटते ना? परीघ काढून बघा. बरोबर शंभर मीटर, म्हणजे दहा फेऱ्यांचा एक किलोमीटर. स्पीडच्या, म्हणजे नुसत्या वेगाच्या स्पर्धेतल्या, विमानांना १७.६९ मीटर, तिथे नऊ फेऱ्यांचा किलोमीटर.

आमचे हे तुमच्यातलेच एक. दर रविवारी शर्टावर तेलाचे डाग आणि घरभर वास. उपाय सांगा. (नाव नको, रत्नागिरी)

वहिनी, कोण ते ओळखलं. ते एरंडेल आहे. ग्लो इंजिनाच्या इंधनात मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि चांगलं पाचवा हिस्सा एरंडेल असतं. मिथेनॉलमध्ये ते विरघळतं आणि इंजिन तापलं तरी टिकतं, म्हणून ते घालतात, आणि न जळता निम्मं बाहेर फेकलं जातं. ह्यांच्याकडे ते जुनं कलकत्त्याचं ऑरोरा डिझेल इंजिनही आहे. त्याच्या इंधनात रॉकेल, ईथर आणि पुन्हा एरंडेल, म्हणजे वासाची परमावधी. डाग वाळायच्या आत भांड्यांच्या साबणाने चोळला तर निघतो. वाळला की शर्ट त्यांना रविवारसाठी कायमचा देऊन टाका.

इंधनाचा डबा मात्र घरात कुठे ठेवतात ते आजच बघा. मिथेनॉल विषारी आहे, त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. स्वयंपाकघरात नको, देवघराशेजारी नको, पाण्याच्या बाटलीत तर अजिबात नको. पडवीत कुलूप लावून ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे.